ल्यूपस अँटिकोअॅग्युलंटची तपासणी शिकताना

डीएमएलटी (वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पदविका) करून कोअॅग्युलेशन म्हणजे रक्त गोठण्याच्या चाचण्यांच्या विभागात नव्याने रुजू होणाऱ्यांचे लक्ष साहजिकच यंत्राकडे असते. परंतु अनेक वर्षे हे काम केल्यावर माझे ठाम मत झाले आहे की, ल्यूपस अँटिकोअॅग्युलंटच्या तपासणीचा निकाल बराचसा नळी भरताना आणि प्लाझ्मा वेगळा करतानाच ठरतो. अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोममधील स्वप्रतिपिंडे (शरीराने स्वतःविरुद्धच बनवलेली प्रतिपिंडे; ल्यूपस अँटिकोअॅग्युलंट हे त्यांपैकीच) शरीरात गुठळ्या घडवतात, वारंवार गर्भपातही घडवतात. नळीत मात्र ती फॉस्फोलिपिड या स्निग्ध पदार्थावर अवलंबून असलेली प्रक्रिया अडवून रक्त गोठण्याचा वेळ लांबवतात. हा विरोधाभास समजला की पुढचे सारे नियम आपोआप उलगडतात.

निळ्या झाकणाच्या नळीत ३.२ टक्के सोडियम सायट्रेट असते आणि त्याच्या एका भागाला रक्ताचे नऊ भाग लागतात, म्हणून अर्धवट भरलेली नळी परत पाठवावी. प्लाझ्मा दोनदा सेंट्रिफ्यूज करावा आणि दोन्ही वेळा तळाचा थर न हलवता वरचाच भाग घ्यावा. प्लेटलेट एका मायक्रोलिटरमध्ये १०,०००पेक्षा कमी राहिल्या पाहिजेत, कारण नमुना गोठवून ठेवल्यावर उरलेल्या प्लेटलेट फुटतात, त्यांतील फॉस्फोलिपिड प्रतिपिंडांना निष्प्रभ करते आणि दुर्बळ पॉझिटिव्ह नमुना निगेटिव्ह दिसतो.

एकच चाचणी सर्व प्रतिपिंडे पकडत नाही, त्यामुळे एपीटीटीवर (रक्त गोठण्याचा वेळ मोजण्याची नेहमीची पद्धत) आधारित चाचणी आणि डीआरव्हीव्हीटी (सौम्य केलेल्या सर्पविषाने प्लाझ्मा गोठवून वेळ मोजणारी चाचणी) या दोन्ही कराव्या लागतात. दुसरीत वापरले जाणारे विष आपल्या शेताबांधांवर आढळणाऱ्या घोणसीचे असते. ते रक्त गोठवणाऱ्या घटकांपैकी दहावा घटक थेट कार्यान्वित करते. गोठण्याचा वेळ लांबला, तर रुग्णाचा प्लाझ्मा निरोगी व्यक्तींच्या एकत्रित प्लाझ्मात समप्रमाणात मिसळून पाहतात. घटकाची कमतरता असल्यास वेळ सुधारतो, प्रतिपिंड असल्यास सहसा सुधारत नाही. जादा फॉस्फोलिपिड घातल्यावर हा वेळ कमी झाला, की निदानाला पुष्टी मिळते. याच आजारातील अँटिकार्डिओलिपिन व बीटा-२ ग्लायकोप्रोटीन-१ विरोधी प्रतिपिंडे एलायझाने (प्रतिपिंडे थेट मोजणारी चाचणी) वेगळी मोजतात.

निकाल पॉझिटिव्ह आला, तरी किमान १२ आठवड्यांनी नवा नमुना घ्यावाच लागतो, कारण संसर्गातही ही प्रतिपिंडे तात्पुरती दिसू शकतात. गर्भपाताचे दुःख सोसलेल्या स्त्रीला एका अहवालावरून आजाराचा शिक्का बसू नये, याची जबाबदारी आपलीही आहे. हेपरिन, वॉरफरिन आणि विशेषतः रिव्हारोक्सॅबान ही रक्त पातळ करणारी औषधे निकाल फसवा करू शकतात. म्हणून फॉर्मवर औषधाची व शेवटच्या डोसच्या वेळेची नोंद नसेल, तर आधी वॉर्डला फोन करावा आणि मगच नमुना यंत्रावर ठेवावा.