मालवणातनं कोल्हापुरात नव्याने येणाऱ्यांसाठी थोडं सविस्तर

दरवर्षी जून आला की मला गावाकडनं दोन-तीन फोन ठरलेले असतात. मावशी, मुलीचं विद्यापीठात ॲडमिशन झालंय, रूम कुठे बघू, किंवा काकी, ह्यांना शिरोली एमआयडीसीत काम लागलंय, भाडं किती पडेल. प्रत्येकाला तेच सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवते. मी मालवणच्या धुरीवाड्यातली, लग्न होऊन 1996 ला इथे आले, मिस्टर उद्यमनगरात लेथवर होते, त्यामुळे जे लिहितेय ते सगळं स्वतः राहून बघितलेलं आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, तुम्ही परक्या मुलखात आलेले नाही आहात. आपल्या पोरांना शाळेत सिंधुदुर्ग किल्ला शिकवतात, 25 नोव्हेंबर 1664 ला महाराजांनी कुरटे बेटावर पायाभरणी केली, त्याआधी किनाऱ्यावर मोरयाच्या धोंड्यावर पूजा केली, इथपर्यंत सगळ्यांना पाठ असतं. पण पुढचं कोणी सांगत नाही. ताराराणींनी कोल्हापूरची गादी उभी केल्यावर मालवण आणि तो किल्ला करवीरकरांकडे राहिला, म्हणजे शंभरेक वर्षं कोल्हापूरला स्वतःचा समुद्र होता आणि तो आपला मालवणचा होता. 1765 ला कोल्हापूरच्या राणी जिजाबाईसाहेबांच्या (शिवरायांच्या आई नव्हेत) काळात इंग्रजांनी किल्ला घेतला, त्याला फोर्ट ऑगस्टस असं नावपण ठेवलं, पुढच्याच वर्षी पैसे घेऊन परत द्यावा लागला. मग 1812 च्या तहात मालवण कायमचं इंग्रजांकडे गेलं. तरी नातं तुटलं नाही बघा, किल्ल्यातलं शिवराजेश्वराचं देऊळ ताराराणींचे पती राजाराम महाराजांनी बांधलेलं आणि त्याचा सभामंडप राजर्षी शाहू महाराजांनी. मी इथे नवीन असताना शेजारच्या आजोबांना हे सांगितलं तर ते खुर्चीतनं उठून म्हणाले, म्हणजे तुम्ही आमचीच की ओ! त्या दिवसापासनं त्या गल्लीत मला कोणी कोकणातली बाई म्हटलं नाही, आमची मालवणची वहिनी म्हणायला लागले. म्हणून सांगते, हा इतिहास नीट माहिती करून घ्या आणि कोणी गाव विचारलं की बिनधास्त सांगा.

आता घर. इथे माझी स्वतःची चूक सांगते कारण ती तुम्ही करू नये असं मनापासनं वाटतं. आपण समुद्राची माणसं, पाण्याची भीती नाही, त्यात भाडं कमी होतं म्हणून आम्ही नाल्याच्या कडेला खोली घेतली. मालकांनी पाण्याचं काही सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. 2005 च्या जुलैत पाणी उंबऱ्याला लागलं तेव्हा माझ्या मनात काय आलं माहितीय, चढलंय तसं उतरेल. आपल्याकडे भरती सहा तासांत ओसरते ना, अंगात तेच हिशोब भिनलेले असतात. मी पीठ-तांदूळ माळ्यावर टाकले आणि वाट बघत बसले. सहा तास गेले, रात्र गेली, पाणी उतरायचं सोडून कॉटच्या कडेला आलं, शेवटी तालमीची पोरं आली आणि लेकीला खांद्यावर घेऊन आम्हाला बाहेर काढलं. नदीचं पाणी बसतं, आठ-आठ दिवस बसतं, आणि मागे जो चिखल ठेवून जातं त्याचा वास महिनाभर भिंतीतनं जात नाही. पंचगंगा फुगली की जयंती नाल्याचं पाणी पुढे जायला वाट राहत नाही, ते उलटं शहरात शिरतं, म्हणून नदीपासनं लांब असलेली घरंसुद्धा बुडतात.

त्यामुळे रूम बघताना पहिला प्रश्न हाच, 2019 आणि 2021 ला पाणी कुठवर आलं होतं. मालकाला विचारू नका, समोरच्या किराणा दुकानदाराला विचारा, तो भिंतीवरची खूण दाखवेल. त्या दोन्ही वर्षी पंचगंगेची पातळी 55 फुटांच्या पुढे गेली होती. सुतारवाडा, शाहूपुरी कुंभार गल्ली, व्हीनस कॉर्नर, रमणमळा, नागाळा पार्कचा सखल भाग इथे विचारल्याशिवाय ॲडव्हान्स देऊ नका. राजारामपुरी उंचावर आहे, गल्ल्यांना नंबर आहेत त्यामुळे पत्ता सापडायला सोपं, भाडं मात्र जास्त. कळंबा, फुलेवाडीकडे त्यामानाने कमी. आणि पावसाळ्यात इथली सगळी माणसं एकच आकडा विचारत असतात, पाणी किती फूट झालं, तर तो आकडा पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याचा, 39 फुटाला इशारा आणि 43 ला धोका. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले असं ऐकलं की सामान वर चढवायला घ्यायचं, आपल्या गल्लीत अजून कोरडं आहे म्हणून थांबायचं नाही.

मासळीचं आता. ह्यावर मला सगळ्यात जास्त प्रश्न येतात आणि मला त्याचं वाईट वाटत नाही, जेवणात मासे नसले की आपल्या माणसाला आजारी असल्यासारखं होतं. लक्ष्मीपुरीच्या बाजारात मासळी मिळते, रविवारी आणि बुधवारी गर्दी असते, पण ती मालवणच्या सकाळच्या लिलावातली नाही हे मनाला समजवा. कल्ला उघडून बघा, लालभडक असेल तर घ्या, डोळा आत गेलेला असेल तर सरळ पुढे जा. बांगडा आणि तारली बऱ्यापैकी मिळते, मोरी क्वचित, कालवं तर विसराच. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते तेव्हा भाव बघूनच पोट भरतं, म्हणून मे मध्ये गावी जाल तेव्हा सुकट, गोलमो, सुके बांगडे आणि सोलं भरून आणा. तिरफळं पण आणा, इथे मिळणं कठीण. डबा घट्ट झाकणाचा हवा, आणि सुके मासे भाजायच्या आधी खालच्या मजल्यावरच्यांना एकदा सांगून ठेवा. बरीच घरं माळकरी असतात, त्यांना खरंच त्रास होतो, आणि आधी सांगितलं की कोणी काही म्हणत नाही.

पूर्वी माझा भाऊ रात्री बर्फात घातलेले मासे पत्र्याच्या डब्यात बांधून एसटीच्या ड्रायव्हरकडे द्यायचा. मी पहाटे स्टँडवर उभी. एकदा डबा गळला आणि घरापर्यंत रिक्षात पाण्याची धार लागली, रिक्षावाला काही बोलला नाही, फक्त उतरताना म्हणाला, वहिनी, वास लई भारी याय लागलाय. त्याला संध्याकाळी बोलावून बांगड्याचं तिखलं आणि भात वाढला. तो अजून दिवाळीला घरी येतो.

स्वभावाचं लिहिते, कारण बरीच पोरं पहिल्या दोन महिन्यांत इथेच अडखळतात. आमच्याकडे गावात कोणी दिसलं की खय चललंस म्हणून विचारतातच, पण माशाक, म्हणजे मासेमारीला, निघालेल्या माणसाला कोणी कधी विचारत नाही, विचारलं की अपशकुन होतो असं मानतात. तो जाळं खांद्यावर घेऊन निघाला की आई दार उघडायची आणि गप्प बाजूला उभी राहायची. खय जातंस नाय, किती वाजता येशीत नाय. परत आला की मग चहा. ह्याच्यामुळे आपल्याला बेत आधी सांगायची सवयच नाही, नोकरी बदलतोय, जागा घेतोय, सगळं झाल्यावर सांगतो. इथे उलट. मिस्टर पहिल्या शिफ्टला निघाले की शेजारच्या काकी गॅलरीतनं मोठ्याने, काय ओ, कुठं निघालाय, पगार झाला काय? माझ्या पोटात गोळा यायचा, वाटायचं झालं, आजचा दिवस वाया. वर्षभर मी त्या बाईशी धड बोलले नाही. मग मला टायफॉइड झाला आणि त्याच काकी अठरा दिवस दोन वेळचा डबा घेऊन आल्या, मी नको म्हटलं तर मलाच ओरडल्या. तेव्हा मला कळलं की ते विचारणं म्हणजे चौकशी नव्हे, ते त्यांचं लक्ष ठेवणं आहे. तुम्हीपण उत्तर द्या. निघालोय कामावर काकी, एवढं म्हटलं तरी त्यांना बरं वाटतं.

आवाजाचंही तसंच, दोघे बोलत असले तरी भांडण चाललंय असं वाटेल, पण तसं काही नसतं. या की, बसा की, जेवून जावा, हे तोंडदेखलं नसतं, खरंच ताट वाढलेलं असतं, आणि नाही म्हटलेलं आवडत नाही. आपण आधी तीनदा नको म्हणतो आणि चौथ्यांदा बसतो, इथे दुसऱ्या नकोला ते खरं धरतात आणि मग तुम्ही उपाशी राहता. तांबडा-पांढरा कोणी डब्यातनं पाठवला तर डबा रिकामा परत करू नका, सोलकढी पाठवा, ती इथे सगळ्यांना आवडते. गंगावेशीत सकाळी म्हशी उभ्या असतात आणि समोर धार काढून दूध देतात, पोरांना एकदा न्या.

भाषा. लाजू नका. पोरं शाळेत जायला लागली की माका-तुका बंद करतात, चिडवतील म्हणून. माझी लेक दुसरीत असताना घरी आली आणि दारातनं ओरडली, आई मी आलो! इथल्या मुली तसंच बोलतात, आलो, गेलो, खाल्लो. तिच्या आजीला गावाकडे फोनवर ऐकून धक्काच बसला. मी तिला दोन्ही बोलू दिलं. घरात मालवणी, बाहेर कोल्हापुरी, आज ती दोन्हीकडे घरचीच वाटते. पण घरात तुम्ही बोललाच नाहीत तर ती मालवणी एका पिढीत जाते, मी आजूबाजूच्या घरांत जाताना बघितलीय, म्हणून ह्यावर एवढा जोर देतेय. गाऱ्हाणं तरी शिकवा. बा देवा म्हाराजा म्हटल्यावर सगळ्यांनी एका आवाजात होय म्हाराजा म्हणायचं, हे पोरांना आवडतं, आणि देवाकडे मागताना आपल्याकडे एकटा कधी मागत नाही, अख्ख्या वाडीसाठी मागतात, हे त्यांना त्यातनंच समजतं. आचऱ्याची गावपळण सांगा, रामेश्वराचा कौल झाला की अख्खं गाव गुरंढोरं, कोंबड्या घेऊन तीन दिवस वेशीबाहेर राहायला जातं, कोण श्रीमंत कोण गरीब, सगळ्यांच्या झोपड्या शेजारी शेजारी.

रापण तर सांगाच, कारण पुढच्या पिढीला ती बघायला मिळेल का शंका आहे. होडी जाळं सोडत अर्धगोल फिरून येते, दोन टोकांच्या दोऱ्या आणि वाळूत पाय रोवून ओढणाऱ्या दोन रांगा, म्हातारे पण, शाळेला दांडी मारलेली पोरं पण. जाळं वर आलं की चांदीसारखं उसळतं, मग वाळूवर वाटे पडतात. माझे वडील आजारी होते त्या वर्षी दोरीला आमच्या घरचं कोणी नव्हतं, तरी वाटे घालताना एक वाटा आमच्या नावाने बाजूला काढलेला असायचा, आई पदराखाली टोपली घेऊन जायची आणि कोणी तिच्याकडे बघायचंही नाही, मुद्दाम. पुढे ट्रॉलर आले, पर्ससीन जाळ्यांच्या मोठ्या बोटी आल्या, किनाऱ्याजवळचा मासा कमी झाला, काहीजण तारकर्लीकडे पर्यटनात गेले आणि बाकीचे घाट चढून वर येतायत. तो वाटा मात्र आपण इथे चालू ठेवलाय. आम्ही सात-आठ घरं आहोत, कोणी नवीन आलं की पहिल्या महिन्याचा गॅस, गादी, दोन भांडी आमच्याकडनं. ते मागायला लाजू नका, आम्हालाही कोणीतरी दिलंय. नोकरी लागल्यावर पुढच्याला द्या, आम्हाला परत करायचं नाही.

गावी जायचं तर चतुर्थीची सुट्टी कामावर लागतानाच बोलून घ्या, इथे त्यांचं मोठं कारण नवरात्र आणि दसरा, चतुर्थीला पाच दिवस गावी का जायचं हे सुपरवायझरला समजावून सांगावं लागतं. गगनबावड्यावरनं करूळ घाट आहे, पण पावसात दरड येते, 2024 ला तर रस्त्याच्या कामासाठी कितीतरी महिने बंद होता. निघायच्या आधी फोन करून विचारा, नाहीतर राधानगरी-फोंडा धरा, दाजीपूरच्या जंगलातनं रस्ता छान आहे. कोल्हापूर-वैभववाडी रेल्वे होणार असं मी आले तेव्हापासनं ऐकतेय, त्या भरवशावर काही ठरवू नका.

नारळी पौर्णिमेला आपल्याकडे किल्ल्यावरनं सोन्याचा नारळ निघतो, बंदरावर नारळ लढवतात, आणि त्या दिवशी इथे खरंच जीव रमत नाही. पंचगंगेत सोडलेला नारळ मालवणला जात नाही, ही नदी पूर्वेला जाते, कृष्णेला मिळते आणि पार पलीकडच्या समुद्राला. तरी आम्ही सोडतो. पाणी जास्त नसेल तर संध्याकाळी पाचला घाटावर, पातळी वाढलेली असेल तर रंकाळ्यावर. नारळ प्रत्येकाने आपापला आणायचा, गाऱ्हाणं मी घालते, आणि घाटाच्या पायऱ्या निसरड्या असतात तेव्हा लहान मुलांचा हात सोडू नका.