शस्त्रक्रियेच्या नव्या उपकरणाची कल्पना परवान्यापर्यंत कशी न्यावी : खानदेशातील डॉक्टर आणि वर्कशॉपवाल्यांसाठी

शस्त्रक्रियेचे नवे साधन घडवू इच्छिणाऱ्याने ड्रॉइंगला हात घालण्याआधी अडचण लिहून काढावी, आणि ती इतकी नेमकी लिहावी की शस्त्रक्रियागृहात कधीही पाऊल न टाकलेल्या टर्नरलाही ती वाचून समजावी. जळगाव, धुळे आणि नंदुरबार येथे आज शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत आणि जळगाव-धुळ्याच्या औद्योगिक वसाहतींत साचे, जिग आणि फिक्श्चर (काम करताना वस्तू पकडून ठेवणारे आणि हत्याराला दिशा देणारे सांगाडे) बनवणारे कसबी कारागीरही आहेत. या दोघांना जोडणारा कागद म्हणजे अडचणीचे हे टिपण होय. पुढे पेटंटचे दावे (शोधाच्या नेमक्या कोणत्या भागावर हक्क मागतो ती वाक्ये), धातूची निवड, चाचण्या आणि परवान्याचा वर्ग या सगळ्या गोष्टी त्यावरच ठरतात, म्हणून येथे घाई करू नये.

एक उदाहरण घेऊ. हाड जुळल्यानंतर प्लेट काढताना टायटॅनियमचा लॉकिंग स्क्रू (ज्याच्या डोक्याचे आटे प्लेटच्या भोकातील आट्यांत बसतात तो) निघत नाही, ही अस्थिरोगतज्ज्ञांची नेहमीची तक्रार असते. पण एवढे लिहून भागत नाही. ३.५ मिलिमीटरच्या स्क्रूच्या डोक्यातील २.५ मिलिमीटरची षट्कोनी खाच आतून गोल झाली आणि स्क्रू-ड्रायव्हर जागच्या जागी फिरू लागला, की खाच शाबूत राहून ड्रायव्हरचे टोकच पिळले गेले, हे लिहावे. स्क्रू बसवताना टॉर्क लिमिटर (ठरावीक पिळानंतर पुढे आवळू न देणारा भाग) वापरला होता का, हे जुन्या नोंदींतून शोधावे. या मापाच्या स्क्रूला साधारण १.५ न्यूटन-मीटर पिळ पुरतो, आणि मोटरने त्याहून जास्त आवळल्यास डोक्याचे आटे प्लेटच्या आट्यांत घट्ट रुततात. स्क्रू तिरका गेला असेल तर आटे एकमेकांवर चढलेले असतात. शिवाय टायटॅनियमवर हाड स्वतःहून चिकटते. स्वीडनचे पेर-इंगवार ब्रोनमार्क यांना हा गुण १९५० च्या दशकात सशांच्या हाडांवरील प्रयोगांत आढळला आणि त्यावरच आजचे दातांचे इम्प्लांट उभे आहेत. प्लेट काढणाऱ्या डॉक्टरला मात्र तोच गुण आडवा येतो. कारण वेगळे निघाले की उपायही वेगळा असतो, आणि कारण न ओळखता बनवलेले हत्यार टेबलावर पडून राहते.

आपल्या भागाच्या स्वतःच्या अडचणींकडेही पाहावे, कारण त्यांच्यासाठी दुसरे कोणी साधन बनवील याची खात्री नसते. सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेलचा, म्हणजे तांबड्या रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकण्याचा आनुवंशिक आजार आहे. त्यात मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून तो तरुण वयातच खचतो, आणि सांधा बदलायची वेळ आली तर हाडाची पोकळी अरुंद आणि कठीण झालेली असल्यामुळे नेहमीचे रीमर (पोकळी कोरून रुंद करणारे हत्यार) आणि नेहमीचा स्टेम (कृत्रिम सांध्याचा पोकळीत बसणारा दांडा) तेथे अडतात. उन्हाचेही तसेच आहे. कृत्रिम सांधा हाडात पक्का बसवणारे बोन सिमेंट साधारणपणे २५ अंशांच्या खाली साठवायचे असते, आणि खोली जितकी गरम तितके ते लवकर घट्ट होते. भुसावळच्या मे महिन्यात वीज जाऊन एसी बंद पडला, तर सर्जनच्या हातातला वेळ झपाट्याने कमी होतो. पाकीट आणि मिश्रणाचे भांडे ठरावीक तापमानावर धरून ठेवणारी साधी, स्वस्त पेटी हाही शोधाचा विषय आहे, आणि माझ्या मते तो कोणत्याही यंत्रमानवाइतकाच गांभीर्याने घ्यावा असा आहे.

टिपण झाले की आधीचे पेटंट तपासावेत. भारतीय पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर आणि गुगल पेटंट्सवर हा शोध विनामूल्य करता येतो. अडकलेल्या स्क्रूसाठी शोधले तर उलट्या आट्यांचे शंकूच्या आकाराचे एक्स्ट्रॅक्टर आणि डोके कापून काढणारे कार्बाइडचे ड्रिल पूर्वीपासून असल्याचे कळेल. यामुळे निराश होऊ नये. त्या साधनांत काय उरले आहे ते पाहावे. ड्रिलने डोके कापताना धातूचा चुरा आसपासच्या मांसात पसरतो, आणि तो जागीच पकडण्याची सोय आपल्याला सुचली असेल तर आपला दावा तेवढ्यापुरता आणि नेमका असावा.

येथे मौन पाळणे फार महत्त्वाचे आहे. अर्ज दाखल होईपर्यंत उपकरणाचा व्हिडिओ व्हॉट्सॲपच्या गटात टाकू नये, परिषदेत निबंध वाचू नये आणि नमुना विकू नये. विद्वत्सभेत वाचलेल्या निबंधासारख्या मोजक्या बाबतींत भारतीय कायदा त्यानंतरही अर्ज करायला १२ महिन्यांची सवलत देतो, पण युरोपसारख्या ठिकाणी तिचा आधार मिळत नाही. वर्कशॉपला ड्रॉइंग देण्यापूर्वी गोपनीयतेचा साधा लेखी करार करावा. टर्नरने केवळ सांगितलेले माप काढून दिले असेल तर तो कारागीर ठरतो. पण अडलेली गोष्ट त्याच्या डोक्यातून सुटली असेल तर त्याचे नाव संशोधक म्हणून अर्जात घालणे हे कायद्यालाही धरून आहे आणि न्यायालाही. डॉक्टर किंवा प्राध्यापक नोकरीत असतील, तर हक्क संस्थेचा की व्यक्तीचा हे नेमणुकीच्या अटींत आधीच पाहून घ्यावे.

पेटंट कायदा, १९७० च्या कलम ३ (आय) प्रमाणे शस्त्रक्रियेच्या किंवा उपचाराच्या पद्धतीवर पेटंट मिळत नाही, उपकरणावर मिळते. म्हणून ‘स्क्रू काढण्याची रीत’ असे न लिहिता हत्याराचे भाग, त्यांची रचना आणि परस्परसंबंध लिहावेत. कल्पना पक्की पण नमुना अपुरा असेल तर शोधाचे तात्पुरते विवरणपत्र दाखल करावे. त्याने अग्रक्रमाची तारीख मिळते आणि पूर्ण विवरणपत्रासाठी १२ महिने हाती येतात. व्यक्ती म्हणून ऑनलाइन अर्ज केल्यास मूळ शुल्क १,६०० रुपये आहे. महाराष्ट्राचे अर्ज मुंबई कार्यालयाकडे जातात. तपासणीची मागणी वेगळ्या अर्जाने, अग्रक्रमाच्या तारखेपासून ३१ महिन्यांच्या आत करावी लागते, आणि ती राहून गेली तर अर्ज मागे घेतला असे धरले जाते. अर्जदारांत महिला असेल तर जलद तपासणी मागता येते. पेटंट मिळाल्यास ते अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे टिकते.

धातूच्या बाबतीत बाजारातले ‘स्टेनलेस’ हे नाव पुरेसे समजू नये. शरीरात राहणाऱ्या वस्तूसाठी इम्प्लांट दर्जाचे ३१६ एल पोलाद किंवा ६ टक्के ॲल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम असलेला टायटॅनियमचा मिश्रधातू वापरतात, तर धार किंवा पकड हवी असलेल्या हत्यारासाठी ४२० सारखे कठीण करता येणारे पोलाद घेतात. प्रत्येक गजासोबत लॉट क्रमांक (तो कोणत्या तुकडीतला हे सांगणारा आकडा) असलेले प्रमाणपत्र मागावे. ज्या लेथवर सकाळी साधे लोखंड चालले त्यावरच दुपारी हे काम घेतले, तर लोखंडाचे कण पृष्ठभागात रुततात आणि तेथे पुढे गंज धरतो; म्हणून टूल आणि कूलंट (कापताना सोडायचे थंड करणारे द्रव) वेगळे ठेवावेत आणि शेवटी पॅसिव्हेशन, म्हणजे आम्लाच्या द्रावणाने पृष्ठभागावरचे लोखंडाचे कण काढणे, करावे.

हत्यार धुता येते का, हेही ड्रॉइंगच्या पातळीवरच पाहावे. बंद टोकाच्या भोकात आणि अरुंद फटीत रक्त वाळून बसते आणि तेथे ब्रश पोहोचत नसेल तर १३४ अंशांचा ऑटोक्लेव्हही (वाफेच्या दाबाने निर्जंतुक करणारे यंत्र) भरवशाचा राहत नाही. भाग सुटे करता यावेत, आणि ते हातमोजे घातलेल्या नर्सला पान्याशिवाय जोडता यावेत.

पहिल्या चाचण्या प्लॅस्टिकच्या नमुना-हाडांवर आणि खाटकाकडून आणलेल्या बोकडाच्या हाडांवर घ्याव्यात, नंतर शरीररचनाशास्त्र विभागाच्या परवानगीने मृतदेहावर. नमुना मुद्दाम मोडेपर्यंत पिळावा आणि तो कोठे मोडला त्याचे छायाचित्र ठेवावे. तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या चमूने हृदयाची झडप घडवताना आधीचे नमुने चाचण्यांत बाद केले, आणि १९९० च्या डिसेंबरमध्ये टिकलेली झडप पहिल्यांदा रुग्णाला बसवली. बाद झालेले नमुने माणसापर्यंत पोहोचण्याआधीच बाद झाले, हे त्या रुग्णाचे भाग्य मानावे. माणसावर वापरण्याआधी नैतिकता समितीची संमती अनिवार्य आहे, आणि जेथे नियमांनुसार लागते तेथे केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेची म्हणजे सीडीएससीओची परवानगीही घ्यावी लागते.

वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ मध्ये ए, बी, सी आणि डी असे जोखमीचे चार वर्ग आहेत. पुन्हा पुन्हा वापरायचे, हाताने चालणारे हत्यार सहसा ए वर्गात येते, तर हाडात राहणारी प्लेट सी वर्गात आणि हृदयाची झडप डी वर्गात मोडते. ए आणि बी वर्गाच्या निर्मितीचा परवाना राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडून, सी आणि डी वर्गाचा सीडीएससीओकडून मिळतो. निर्जंतुक करून न विकलेल्या आणि मापन न करणाऱ्या ए वर्गाच्या साधनांना केवळ नोंदणी पुरते. मुठीवर पिळाचा आकडा दाखवण्याची सोय केली तर ही सूट जाऊ शकते, म्हणून तो आकडा खरोखर हवा आहे का, हे आधीच ठरवावे. चाचणीपुरते थोडे नग बनवायलाही वेगळा चाचणी-परवाना लागतो, आणि आपल्याकडे नेमके हेच सर्रास विसरले जाते.

पहिली तुकडी बाहेर पडताना प्रत्येक नगावर लॉट क्रमांक लेझरने कोरावा, कोणता नग कोणत्या रुग्णालयात गेला याची वही ठेवावी, आणि तक्रार आली की तो नग परत मागवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा.