एलिट फोर्सची ताणलेली चित्रं अशी सरळ केली

निपाणीच्या भाच्याला दिवाळीच्या सुट्टीत माझा आवडता गेम लावून दिला : स्टार ट्रेक व्हॉयेजर, एलिट फोर्स. त्या नावाची टीव्ही मालिका चालू असतानाच, २००० साली रेव्हन सॉफ्टवेअरनं काढलेला. लगेच हाक आली, "मामा, सगळीच जाडी दिसालेत की!"

खरंच, व्हॉयेजर जहाजाच्या कॅप्टन जेनवेचा चेहराही आडवा पसरला होता. तेव्हा मॉनिटर ४:३ चे (रुंदी ४, उंची ३) असायचे. मेनूत आजच्या लांबट स्क्रीनच्या मापाचा पर्यायच नाही.

हा गेम क्वेक ३ या जुन्या गेमच्या इंजिनावर (मूळ सॉफ्टवेअरवर) चालतो, म्हणून उपाय तिथलाच. आधी गेम पूर्ण बंद करायचा, नाहीतर बाहेर पडताना तो स्वतःच्या सेटिंग परत लिहू शकतो. मग गेमच्या बेसईएफ (baseEF) फोल्डरमधली कॉन्फिग फाइल, म्हणजे सेटिंगची फाइल, नोटपॅडमध्ये उघडली (कॉपी काढून ठेवलेली बरी). त्यात आर_मोड (r_mode) उणे १ केला, म्हणजे माप आपलं आपण द्यायचं; मग रुंदी आर_कस्टमविड्थ (r_customwidth) १९२०, उंची आर_कस्टमहाइट (r_customheight) १०८०.

चेहरे सरळ झाले, पण वरखालचं दृश्य कापलं जात होतं. सीजी_एफओव्ही (cg_fov), म्हणजे दृश्याचा कोन, ९५ च्या आसपास नेल्यावर तेही मिळालं. मेनू अजून ताणलेलाच दिसतो, त्याला मी हात लावला नाही. खेळताना मात्र बोर्गच्या (मालिकेतले अर्धयंत्र शत्रू) जहाजातले ते हिरवट बोळ आता हवे तसे उंच, अरुंद दिसतात. भाचा जेवायलाही उठेना.