अंगणातला हरिहर: दिवाळीचा मातीचा किल्ला कसा करावा

आश्विन सरत आला आणि पहाटे गोदाकाठी गारवा जाणवू लागला, की नाशिकच्या वाड्यांच्या अंगणांत, बंगल्यांच्या फाटकांशी आणि सोसायट्यांच्या पार्किंगच्या कोपऱ्यांत दिवाळीच्या किल्ल्यासाठी माती येऊन पडते. बहुतेक ठिकाणी तिला एकच आकार मिळतो: खाली रुंद, वर निमुळता आणि टोकावर महाराजांचे सिंहासन. आपल्या जिल्ह्यातला कोणताही किल्ला असा दिसत नाही. बागलाणात साल्हेरसारखा महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला उभा आहे, रामशेज तर शहराच्या वेशीशीच आहे. अशा ठिकाणी राहणाऱ्या मुलांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला किल्ला मातीत उतरवावा, असे मला मनापासून वाटते. म्हणून येथे त्र्यंबकेश्वरजवळच्या हरिहर किल्ल्याची प्रतिकृती करण्याची रीत सांगितली आहे.

वसुबारसेच्या आधीच्या एखाद्या रविवारी सर्वांनी मिळून पायथ्याच्या निरगुडपाड्यापर्यंत जावे. लहान मुलांना पायऱ्यांवर नेण्याचा आग्रह धरू नये, कारण त्या जवळजवळ उभ्या आहेत. प्रतिकृतीसाठी खालून पाहणेही पुरेसे आहे. तेथे मुलांना डोंगराचे थर मोजायला सांगावे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे एकावर एक थर पसरून हा काळा कातळ तयार झाला. टणक थर कड्यासारखा उभा राहिला आणि मऊ थर झिजून उताराचा झाला, त्यामुळे सह्याद्रीचा डोंगर उतार, कडा, पुन्हा उतार, पुन्हा कडा अशा टप्प्यांनी चढतो आणि माथ्यावर सपाट होतो. ही एवढी गोष्ट कागदावर रेखाटून आणली की निम्मे काम झाले असे समजावे. हरिहरचा माथा साधारण त्रिकोणी आहे, म्हणून निदान दोन बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत.

घरी परतल्यावर जागा ठरवावी. भिंतीचा आडोसा आणि सकाळचे कोवळे ऊन मिळेल असा कोपरा उत्तम. दुपारच्या उन्हात माती भराभर वाळते आणि तडकते. चार फूट लांब आणि तीन फूट रुंद तळ चार-पाच जणांच्या हातांना पुरतो. फरशी असेल तर खाली जाड प्लास्टिक अंथरावे. गच्चीवर किंवा बाल्कनीत करणाऱ्यांनी वजनाचा विचार आधी करावा, कारण एक मीटर लांब, तितकाच रुंद आणि फूटभर उंच असा ओल्या मातीचा भरीव ढीग सुमारे अर्धा टन भरतो. अशा ठिकाणी किल्ला लहान आणि आतून पोकळच ठेवावा.

पोकळीसाठी विटांचे तुकडे, पालथ्या घातलेल्या फुटक्या कुंड्या आणि रिकामे डबे रचून गाभा उभा करावा. त्यावर पातळ चिखलात बुडवलेले गोणपाट घट्ट ओढून पांघरावे, म्हणजे वरची माती घसरत नाही. अंगणात पडून राहिलेल्या विटा आणि दगड उचलताना आधी काठीने हलवून पाहावे. त्यांच्याखाली विंचू असण्याची शक्यता असते, आणि हे काम मोठ्यांनीच करावे.

आता माती. आपल्याकडची काळी माती चिकट आहे, पण ती पाणी प्यायल्यावर फुगते आणि वाळताना आक्रसते, म्हणून नुसत्या काळ्या मातीचा किल्ला दोन दिवसांत भेगाळतो. नुसती मुरमाड माती मात्र आकार धरत नाही. दोन घमेली चाळलेली लाल माती, एक घमेले काळी माती आणि दोन ओंजळी गव्हाचा भुसा किंवा भाताचे तूस असे मिश्रण बहुतेक वेळा चांगले जमते. पाणी थोडे थोडे घालत ते पायांनी तुडवावे; मुलांना यापेक्षा अधिक आवडणारे काम या साऱ्या खटाटोपात दुसरे नाही. मग ओल्या पोत्याखाली रात्रभर मुरू द्यावे. सकाळी मुठीएवढा गोळा करून कमरेच्या उंचीवरून खाली टाकावा. तो पसरून चपटा झाला तर पाणी जास्त आहे, भुगा झाला तर कमी आहे, आणि दोन-चार मोठे तुकडे झाले तर माती तयार आहे.

तयार माती गाभ्यावर थराथराने, तळहाताने दाबत चढवावी. प्रत्येक थर चार बोटे जाडीचा असावा आणि पुढचा थर चढवण्याआधी खालचा किंचित आवळू द्यावा. या टप्प्यावर डोंगर ओबडधोबड आणि हवा त्यापेक्षा थोडा मोठा दिसला पाहिजे, कारण खरा आकार उद्या कापून काढायचा आहे. कडा माती थापून उभा करता येत नाही. एक रात्र गेल्यावर माती हाताला गार लागते, पण बोटाला चिकटत नाही. तेव्हा जुनी सुरी किंवा उलथने घेऊन वरून खाली सरळ काप घ्यावेत आणि कापलेल्या पृष्ठभागावर आडव्या रेषा ओढाव्यात. कड्याखाली मातीचा ढिगारा जसा पडेल तसाच थोडा राहू द्यावा, खऱ्या कड्याखालीही उतार असाच साचलेला असतो.

हरिहरचा प्राण त्याच्या पायऱ्यांत आहे. एका सरळ रांगेत वर जाणाऱ्या या कातळकोरीव पायऱ्यांना हात रोवण्यासाठी बाजूने खोबणी केलेल्या आहेत. १८१८ मध्ये किल्ला इंग्रजांकडे गेला तेव्हा कॅप्टन ब्रिग्जने त्यांच्या भयंकर चढाईचे वर्णन लिहून ठेवले. मूळ पायऱ्या शंभराहून अधिक आहेत. आपल्या प्रतिकृतीत पंचवीस-तीस पुरेत. कड्यावर दोन बोटे रुंदीचा पन्हाळीसारखा खोलगट पट्टा आधी कोरून घ्यावा आणि आइस्क्रीमच्या चपट्या काडीने पायऱ्या वरून खाली काढत याव्यात. खालून सुरुवात केली तर वरची माती पडून झालेल्या पायऱ्या बुजतात. पायऱ्यांच्या टोकाला महादरवाजा, माथ्यावर पाण्याची टाकी आणि दगडी कोठाराची एकच इमारत एवढेच बांधकाम करावे. टाक्यासाठी मातीत लहान वाटी बसवावी, कारण नुसत्या खड्ड्यात ओतलेले पाणी आत मुरून कडा ढासळवते. माथ्यावर महाल आणि कारंजी उभारण्याचा मोह मी तरी टाळतो.

हिरवळीसाठी बहुतेक जण मोहरी टाकतात, पण उतारावरून ती पहिल्याच पाण्याबरोबर खाली येते. त्याऐवजी लाडवांसाठी आणलेले हळीव पंधरा-वीस मिनिटे भिजवावेत. ते बुळबुळीत होतात आणि उतारावर लावले की जागेवरच चिकटून राहतात. त्यांना दोन-तीन दिवसांत मोड येतात. पायथ्याच्या शेतांसाठी रात्रभर भिजवलेले गहू चालतात, मात्र त्यांना आठवडा द्यावा लागतो. बी फक्त उतारांवरच पेरावे आणि कडे उघडे ठेवून त्यांवर कोळशाची पूड पाण्यात कालवून लावावी. वाटांसाठी गेरू वापरावा. ऑइलपेंट नको, कारण ही माती पुढे झाडांना जायची आहे.

पाणी रोज सकाळी फवाऱ्यानेच द्यावे. भेग पडली तर तिच्या कडा आधी ओल्या करून मग पातळ चिखल भरावा. कोरड्या भेगेत भरलेला चिखल वाळला की निखळून पडतो. पणत्या पायथ्याशी, गवतापासून हातभर दूर ठेवाव्यात. मावळे मांडण्याचे काम घरातल्या सर्वांत धाकट्याकडे द्यावे आणि कोण कोठे पहाऱ्याला उभे आहे हे आजी-आजोबांनी त्याला विचारावे, म्हणजे माची, बुरूज, तट हे शब्द आपोआप तोंडी येतात. दोन भावंडांचे एकमत होत नसेल तर मनमाडजवळच्या अंकाई-टंकाई या जोडकिल्ल्यांचा पर्याय आहे: दोघांना एकेक डोंगर आणि मध्ये सामाईक खिंड.

तुळशीच्या लग्नानंतर किल्ला मोडताना मावळे वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवावेत, डबे आणि विटा बाजूला काढाव्यात आणि हळिवाच्या मुळांसकट माती फोडून कुंड्यांत भरावी.