मितोमा जास्त फेमस का कुबो? भांडण्याआधी असं चेक करा

राजेहो, मितोमा आन कुबो हे जपानचे दोन फुटबॉलपटू, मितोमा इंग्लंडच्या क्लबात खेळते, कुबो स्पेनच्या. आमच्याइकडं पानठेल्यावर पोट्टे या दोघांचे इन्स्टाचे फॉलोअर दाखवून भांडून राहिले, पण फॉलोअरवर काही ठरत नाही. कुबोले 2019 मध्ये रिअल माद्रिदनं साइन केलं, आता एवढ्या मोठ्या क्लबचं पब्लिक नवीन पोट्ट्याले फॉलो करतेच, त्यातले किती खरे त्याचे फॅन हे तुम्ही कसे मोजान?

त्यापेक्षा मोबाइलवर गूगल ट्रेंड्स उघडा, कोनतं नाव लोकायनं गूगलवर किती शोधलं त्याचा ग्राफ तिथं दिसते. नाव टाइप केलं की खाली पर्याय येतात, त्यात ज्याच्याखाली फुटबॉलपटू लिहिलं असन तोच निवडा, नुसतं कुबो टाकसान तं त्या आडनावाचे जपानातले सारे लोक त्यात घुसतात. मंग दुसरं नाव जोडा, मुदत पाच वर्षं करा, आन देश बदलून बदलून पाहा, जपान, इंग्लंड, स्पेन आन शेवटी भारत. तिथला 100 म्हणजे शंभर लोक नाही बरं, त्या मुदतीतला सगळ्यात उंच टप्पा म्हणजे 100, बाकी सारं त्याच्या हिशोबानं.

आता उंच टोक दिसलं की तारीख पाहा. 1 डिसेंबर 2022 ले वर्ल्डकपमध्ये जपानची स्पेनसंग मॅच होती, बॉल लाइनच्या बाहेर गेला असं साऱ्यायले वाटलं, मितोमानं तो ओढून आत दिला आन त्याच्या टीममधल्या तानाकानं गोल मारला, बॉल 1.88 मिलिमीटर लाइनवर होता म्हणे! अशा वेळी ग्राफ चढनारच, पण एक दिवस कापसाले भाव भेटला म्हणजे सिझनभराचा रेट तोच नसते, मॅच नसलेल्या महिन्यात रेघ कुठं राहते ते खरं पाहा.

एंडोले या दोघायच्या बाजूले ठेवू नका. तो 2023 मध्ये जपानचा कॅप्टन झाला, त्याच वर्षी इंग्लंडच्या लिव्हरपूल क्लबात गेला, पण मधात राहून बॉल हिसकावनाऱ्याचे रील कोन बनवते? जपानचा जुना फुटबॉलपटू नाकाता, त्याले तं आनूच नका, ट्रेंड्सचा डेटाच 2004 पासून हाये आन भाऊ 2006 ले रिटायर.

भारताचा ग्राफ पाहताना मॅचचा टाइमही धरा. इंग्लंडची शनिवारची मॅच हिवाळ्यात साडेआठले लागते, जेवता जेवता पाहनं होते, अन् स्पेनची कधी कधी रात्री दीडले, तवा हरभऱ्याच्या ओलिताले रात्रपाळीची लाइन असलेला मानूसच जागा राहते. म्हणून आपल्या भागात मितोमाचं नाव जास्त ऐकू येते असं मले वाटते. जपानात गोष्ट येगळी, कुबो लहानपनी बार्सिलोनाच्या अकॅडमीत होता, तवापासून तिथल्या लोकायची त्याच्यावर नजर हाये.

स्क्रीनशॉट घेतसान तं देश आन मुदत दोन्ही दिसू द्या, नाहीतं समोरचा पहिले तेच इचारते.