आंग कू कुएची नक्षी वाफवताना पुसली जाते? माझा अनुभव

सिंगापूरला शेजारच्या होकिएन (मूळच्या दक्षिण चीनकडच्या) आजींकडून आंग कू कुए शिकले, म्हणजे चिकट तांदळाच्या पिठाची लाल कासवं, आत मूगडाळीचं पुरण. साच्यातून मस्त सुटायची पण वाफवली की फुगून पसरायची, पाठीवरची नक्षी गायब. पाणी कमी केलं, पीठ बदललं, तीन रविवार वाया, जाम वैताग आला.

घोळ आचेचा निघाला. आता केळीच्या पानाला तेल लावून त्यावर कासव ठेवते, पाण्याला उकळी आली की आच मध्यम करायची, मगच ती आत, आणि दर 2 मिनिटांनी झाकण पूर्ण उघडून वाफ सोडायची (मोदकाला असलं कधी केलं नव्हतं!), झाकणाचं पाणीही पुसायचं, एकूण 8 मिनिटं बास. गरम असतानाच वरून तेलाचा ब्रश. काल पाठीवरची रेघ न् रेघ दिसत होती.