गुडघ्याचं लिगामेंट फाटलंय? दुखणं थांबलं म्हणून फसू नका

चढाईला गेलेला गडी मागे वळतो. अंग फिरतं, पण पाऊल मातीत रुतलेलंच राहतं आणि गुडघ्यातून 'कट्' आवाज येतो. कोणी धक्का दिलेला नसतो, पायात पाय अडकलेला नसतो. संध्याकाळपर्यंत गुडघा टम्म फुगतो. अमळनेर तालुक्यातल्या मैदानांवर मुलांना कबड्डी शिकवताना हे मी बऱ्याचदा पाहिलंय. त्याच्याही आधी, बावीस वर्षांचा असताना, ते माझ्या स्वतःच्या डाव्या गुडघ्यावर भोगलंय.

आवाज येऊन काही तासांतच आलेली सूज बहुतेक वेळा आत साचलेल्या रक्ताची असते. मांडीचं हाड आणि नडगी यांना आतून बांधून ठेवणारा एसीएल नावाचा दोर, म्हणजेच लिगामेंट, तुटलेला असू शकतो. पण आपल्याकडे लगेच कोणीतरी म्हणतं, "काही व्हस नही भाऊ, चालाले लाग." मग गरम विटेचा शेक, तेल, आणि शीर मोकळी करून देणाऱ्याकडून मालिश. पहिल्या दोन-तीन दिवसांत यातलं काहीही करू नका. शेक आणि मालिश यांनी रक्तस्राव आणि सूज वाढते. कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा लावा. वरून इलॅस्टिकची पट्टी बांधा, पण पाय बधिर होईल इतकी आवळू नका. पाय उंचावर ठेवा. गुडघा ओढून 'बसवायला' कोणाच्या हातात देऊ नका, कारण दोन हाडांमधली कुर्चेची गादीही (मेनिस्कस) फाटलेली असेल तर त्या ओढाओढीत ती आणखी चिरते.

एक्स-रे नॉर्मल म्हणजे मुका मार नव्हे

एक्स-रेत हाडं दिसतात, लिगामेंट दिसत नाही. तरी 'फ्रॅक्चर नाही' एवढं ऐकून अनेक जण घरी येतात, तीन आठवड्यांत नीट चालायला लागतात आणि विषय संपला असं समजतात. पुढे केळीच्या बागेत ओल्या मातीवर वळताना किंवा जिन्यावरून उतरताना गुडघा अचानक दगा देतो. असा प्रत्येक झटका आतल्या गादीला आणि हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत कूर्चेला बसतो. लिगामेंटपेक्षा मला या गादीची काळजी जास्त वाटते, कारण गादी गेली की पुढे गुडघ्याची झीज लवकर सुरू होते.

दुखापतीच्या दिवशी गुडघा इतका आखडलेला असतो की डॉक्टरांना हातानं तपासूनही नीट अंदाज येत नाही. म्हणून आठ-दहा दिवसांनी सूज उतरल्यावर अस्थिरोगतज्ज्ञांकडे पुन्हा जा. गरज वाटली तर ते एमआरआय सांगतील. धुळे आणि जळगाव या दोन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. खासगी दवाखान्याचा खर्च झेपणारा नसेल तर तिथे दाखवा, पण तपासणी टाळू नका.

ऑपरेशनची घाई आणि ऑपरेशनची भीती

फाटलं म्हणजे ऑपरेशन झालंच पाहिजे, असं नाही. गुडघ्याच्या आतल्या बाजूचं लिगामेंट, म्हणजे एमसीएल, बहुतेक वेळा पट्टा आणि व्यायाम यांनीच भरून येतं. एसीएलच्या बाबतीतही, स्वीडनमध्ये १२१ तरुणांवर झालेल्या आणि २०१० आणि २०१३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आधी व्यायाम करून गरज पडली तरच ऑपरेशन असा मार्ग दिलेल्यांपैकी सुमारे निम्म्या जणांना पाच वर्षांनंतरही ऑपरेशन लागलं नव्हतं. तुम्ही दुकानात बसत असाल, वळण्या-उड्यांचा खेळ खेळत नसाल आणि गुडघा सटकत नसेल, तर हा मार्ग डॉक्टरांशी नीट बोलून घ्या. कबड्डी-कुस्ती सोडायची नसेल किंवा रोजच्या चालण्यातही गुडघा दगा देत असेल, तर मात्र ऑपरेशनचा विचार करावा लागतो.

ते ठरलं तरी सुजलेल्या, आखडलेल्या गुडघ्यावर घाईनं करून घेऊ नका, तो कायमचा आखडू शकतो. आधी सूज उतरू द्या, पाय पूर्ण सरळ होऊ द्या, लंगडणं जाऊ द्या. याला साधारण तीन ते सहा आठवडे लागतात. गुडघा मध्येच अडकून सरळ होईनासा झाला असेल तर एवढी वाट पाहू नका. गादीचा तुकडा सांध्यात अडकलेला असू शकतो, लगेच दाखवा.

उशी

माझं ऑपरेशन झाल्यावर आईनं मायेनं गुडघ्याखाली मऊ उशी ठेवली. वाकलेल्या गुडघ्याला आराम वाटायचा, म्हणून मी महिनाभर तसाच झोपलो. परिणाम असा की आजही पाय पूर्ण सरळ होत नाही आणि फार चाललो की वाटीभोवती दुखतं. घरात कोणाचं ऑपरेशन झालं असेल तर एवढं तरी पाहा: उशी किंवा गुंडाळलेला टॉवेल गुडघ्याखाली नको, टाचेखाली ठेवा. गुडघा अधांतरी राहून आपल्या वजनानं खाली सरळ होतो. दिवसातून काही वेळा मांडी घट्ट आवळून गुडघा अंथरुणाकडे दाबायचा आणि पाच-दहा सेकंद धरायचा. गुडघ्याखालून तळहात आरपार जातोय का, हे दुसऱ्या पायाशी ताडून बघा. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत पाय असा पूर्ण सरळ झाला नाही तर फिजिओला स्पष्ट सांगा.

दुसरा त्रास मांडी वाळण्याचा. शिंप्याची टेप घ्या, वाटीच्या वर दहा सेंटिमीटरवर दोन्ही मांड्या मोजा आणि आकडे भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. मेडिकलमधून आणलेली नी-कॅप ही मांडी भरून देत नाही. आपल्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हात ती दिवसभर घालून कातडीला पुरळ तेवढं उठतं. खाली बसायचा संडास आणि मांडी घालून जेवणं फिजिओ सांगेपर्यंत बंद. कमोडची खुर्ची आधीच आणून ठेवा. हिवाळ्यात शेतात भरीत-पुरीचा बेत असेल तर जा, पण स्वतःसाठी खुर्ची मागून घ्या, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

पोटरी सुजून दुखू लागली, ताप आला, जखमेतून पाणी वाहू लागलं तर त्याच दिवशी ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना गाठा. धाप लागली किंवा छातीत दुखलं, किंवा मूळ दुखापतीनंतर पाऊल थंड-बधिर पडलं, तर रात्र काढू नका, थेट मोठं हॉस्पिटल.

तिसरा महिना

सगळ्यात जास्त पोरं इथे फसतात. ऑपरेशनमध्ये तुटलेल्या एसीएलच्या जागी बसवलेला नवीन दोर सहसा आपल्याच स्नायूच्या टोकाचा असतो. सांध्यात गेल्यावर त्यात नव्या रक्तवाहिन्या शिरेपर्यंत तो उलट कमजोर होतो, आणि हा काळ साधारण दीड ते तीन महिन्यांचा. नेमकं तेव्हाच दुखणं थांबलेलं असतं, लंगडणं गेलेलं असतं, गाडीला किक मारावीशी वाटते. माझ्या एका गड्यानं अडीच महिन्यांनी मावसभावाच्या हळदीत डीजेपुढे एका पायावर गिरकी घेतली. दोर पुन्हा तुटला आणि घरच्यांना दुसऱ्यांदा तेवढाच खर्च करावा लागला. त्याची आई दवाखान्याच्या पायरीवर बसून रडत होती, ते मला अजून आठवतं.

मैदानावर परतायला किमान नऊ महिने धरा, आणि नऊ महिने झाले म्हणूनही परतू नका. मी मुलांना आखलेल्या रेघेवर उभं करतो. आधी चांगल्या पायावर लंगडी उडी, मग ऑपरेशनच्या पायावर, दोन्हीकडे तीन-तीनदा. टाच पडते तिथे खडूनं खूण करतो. ऑपरेशनच्या पायाची उडी दुसऱ्याच्या निदान ९० टक्के गेली पाहिजे आणि उतरताना गुडघा आत न झुकता वाकला पाहिजे. गुडघा आत कलंडला तर अंतर कितीही असो, त्या मुलाला मी चढाईला पाठवत नाही. फिजिओची आणि डॉक्टरांची परवानगी त्यानंतरही लागतेच.